आपोआप की हातून?

“ते… नळाच्या आत असतं ना, गोल… मधे भोक असलेलं… ते एक द्या.”

हार्डवेअरच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने हे वाक्य तीन हप्त्यांत पूर्ण केलं. दुकानदार कोपर टेकून मजेत ऐकत होता. रविवारची सकाळ, बाहेर पावसाची रिपरिप, गिऱ्हाईकं दोनच. त्याला कसली घाई?

“वायसर?” तो म्हणाला. “किती इंची?”

“नेहमीची.”

“नेहमीची अशी इंची नसते, साहेब.”

साहेब गडबडले. उंच, भांग नीट पाडलेला, आणि चष्मा इतका लख्ख की काच आहे की नुसतीच फ्रेम, असा प्रश्न पडावा. पण माझं लक्ष हातांकडे. लांब बोटं, स्वच्छ नखं. या हातांनी आजवर एकही नळ खोललेला नाही, हे मी तिथल्या तिथे ओळखलं. माणूस मी हातावरून जोखते. धंद्याची सवय आहे ती. तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करणं हे माझं काम. ऐंशी मशीनं, त्यांवर ऐंशी बाया. कुठलं मशीन का रुसलं, हे मशीन उघडण्याआधी बाईच्या हाताकडे पाहिलं की निम्मं कळतं.

“अर्धा इंची घ्या,” मी मागून म्हटलं. “घरातले नळ बहुतेक तेवढेच असतात.”

तो वळला. बुडत्याला काडी दिसावी तसा चेहरा.

“देव भलं करो तुमचं! काय आहे, वरच्या मजल्यावर ताईने एक भाडेकरू बाई ठेवल्यात. मी बाहेरगावी होतो, परवाच आलो. पंधरा दिवसांत तीन तक्रारी! नळ गळतो, खिडकी लागत नाही, फडताळाचं दार लोंबतं. फार कडक बाई आहेत. पन्नाशीच्या तरी असतील.”

“पाहिलंत त्यांना?”

“छे! पण अक्षर पाहिलं ना. अक्षरावरून वय कळतं.”

“हो का?” मी मशीनच्या तेलाची बाटली पिशवीत टाकली. “मला नव्हतं माहीत.”

आता, पंधरा दिवसांपूर्वी एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलेली, आणि त्या पंधरवड्यात नळ, खिडकी, फडताळ अशा तीन तक्रारी लिहिलेली बाई कोण, हे मला सांगायची गरज नव्हती. मी सव्वीस वर्षांची होते. अक्षर मात्र माझं पहिल्यापासूनच पोक्त आहे.

दुपारी बेल वाजली. दार उघडलं. समोर तो. एका हातात वायसर, दुसऱ्या हातात नवाकोरा पाना, त्यावरची चिठ्ठीसुद्धा न काढलेली.

“तुम्ही…? इथे…?”

“पन्नाशीच्या बाई आत झोपल्यात,” मी म्हटलं. “मी चालेन का?”

त्याचे कान आधी लाल झाले, मग गाल, मग मान. खालच्या मजल्यापर्यंत लाली पोचली असावी.

“मी… म्हणजे… अक्षर फार सुंदर आहे तुमचं.”

“आत या, मालक. नळ तुमचीच वाट बघतोय.”

मालकाने बाह्या सरसावल्या, नळाला पाना लावला आणि सगळा जोर काढून फिरवला. मी तोंड उघडतच होते— “मुख्य कॉक बंद केलात ना?”

“कुठला कॉक?” असं तो म्हणाला, आणि नळाचं मुंडकं त्याच्या हातात आलं.

बाहेर पाऊस होताच, आता घरातही आला. धार थेट छतापर्यंत! तो दोन्ही हातांनी ती दाबायला गेला. मग ती बोटांच्या फटींतून चारी दिशांना. मी धावत जाऊन मोरीच्या मागचा कॉक बंद केला. परत आले तर मालक स्वयंपाकघराच्या मधोमध निथळत उभे, चष्म्यावर थेंबच थेंब. तो काढून पुसायला गेला, तर अख्ख्या अंगावर कोरडा कपडा नाही. मी माझ्या ओढणीचं टोक पुढे केलं. त्याने चष्मा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं… चष्मा न लावताच. बिनचष्म्याचे डोळे फार उघडे दिसतात. दाराला पडदा नसावा तसे.

“द्या तो पाना,” मी म्हटलं. “मी लावते.”

“नाही!” तो एकदम ताठ झाला. “करारात लिहिलंय. जे आपोआप बिघडेल ते मालकाने, आणि जे भाडेकरूच्या हातून बिघडेल ते भाडेकरूने दुरुस्त करावं. नळ आपोआप बिघडलाय. मालक मी आहे.”

“अहो पण—”

“तुम्हाला नाही कळणार.” तो खाली बसला, जमिनीवरचा वायसर शोधू लागला. “वडिलांचं घर आहे. ताईचं म्हणणं, मला साधा खिळा ठोकता येत नाही, मी काय घर सांभाळणार. वर्षभर बघते म्हणालीय. जमलं तर ठीक. नाही जमलं तर दोन्ही मजले कोणातरी सांभाळणाऱ्याच्या ताब्यात द्यायचे आणि मी तिच्या गावी जायचं. शेंडेफळ ना मी, तिच्या लेखी अजून पाटीच गिरवतोय.”

तासाभराने नळ बसला. तो अभिमानाने खाली गेला. नळ पुन्हा टपटपायला लागला. वायसर त्याने उलटा घातला होता.

मी जिन्यातल्या त्याच्या पावलांचा आवाज विरेपर्यंत थांबले. मग हळूच कॉक बंद केला, नळ उघडला, वायसर सुलटा केला, धाग्याचे दोन वेढे दिले, आणि वही काढायला जिन्यात गेले.

ही वही म्हणजे ताईंची व्यवस्था. जिन्याच्या वळणावर खिळ्याला लटकवलेली तक्रारवही. तिच्यात चार रकाने आखलेले: काय बिघडलं, कसं बिघडलं (आपोआप की हातून), कोणी दुरुस्त केलं, शेरा. मी शेऱ्यात लिहिलं, “नळ उत्तम झाला. थेंब नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक अक्षरात उत्तर होतं: “आभारी आहे. पन्नाशीच्या बाईंना नमस्कार सांगा.”

झालं! वहीला वाचा फुटली. मी सकाळी सातला कारखान्यात जाणार. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला दहाला जाऊन रात्री परतणार. भेट रविवारीच. मधले सहा दिवस वही बोलायची.

“खिडकी लागत नाही. आपोआप.”

“दुरुस्त केली. — मालक.”

“आता उघडत नाही.”

“बंद राहणं हा एखाद्या खिडकीचा स्वभाव असू शकतो.”

“स्वभावाला औषध नसतं, मालक. पण कडीला तेल असतं.”

रविवारी तो यायचा, चष्म्याचा दीड मिलिमीटरचा स्क्रू फिरवायचा चिमुकला पेचकस घेऊन. तो घेऊन तो फडताळाच्या बिजागरीशी झटायचा. दातकोरणीने विहीर खणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला! मी चहा करायची, ओट्याला टेकून बघायची. तो कामात असला की जीभ किंचित बाहेर यायची, डाव्या कोपऱ्यातून. मग तो जायचा. मग मी माझी पेटी काढून सगळं पुन्हा, या वेळी खरं, दुरुस्त करायची. आणि वहीत लिहायची, “उत्तम.”

सुरुवातीला ती दया होती. हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगते. सुरुवातीला.

कारखान्यात सात नंबरच्या मशीनवरच्या बाईला सगळे सात नंबर म्हणतात. तिच्या चार पोरी संसाराला लागल्यात, आणि जगातल्या बाकी सगळ्या पोरी आता आपल्यालाच मार्गी लावायच्या आहेत, अशी तिची समजूत आहे. एकदा तिने हाक मारली.

“अगं मिस्त्रीण, हे बघ, खालून नुसता गुंता येतोय. खालचा दोरा बिघडलाय.”

“मावशी, किती वेळा सांगू? खाली गुंता दिसला की दोष वरच्या दोऱ्यात असतो. वरचा सैल पडला की खाली गुंता होतो.”

“असं?” तिने सुई वर घेतली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “तू कुठल्या मजल्यावर राहतेस म्हणालीस?”

“वरच्या. का?”

“काही नाही, बाई. तूच म्हणालीस, दोष वरच्यातच असतो म्हणून.”

आजूबाजूच्या दहा मशीनांचे पाय एकदम थांबले आणि दहाजणी हसल्या. मी ताण पाऊण फेरा घट्ट केला. मशीनचा. माझा तो तोवर हाताबाहेर गेला होता.

कारण मग ते तीन रविवार आले. पहिल्या रविवारी काही बिघडलं नाही. दुसऱ्या रविवारी नाही. मी सगळं इतकं चोख करून ठेवलं होतं की बिघडायला घरात काही उरलंच नव्हतं. स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच. तिसऱ्या रविवारी मी चहाचं आधण ठेवलं, कप दोन काढले… आणि एक परत ठेवून दिला.

त्या सोमवारी मी खिडकीच्या कडीचा स्क्रू दीड फेरा सैल केला.

ज्या हाताला ऐंशी बाया दुवा देतात त्या हाताने! आणि मग त्याच हाताने वहीत लिहिलं: “खिडकीची कडी. आपोआप.”

ही माझी पहिली खोटी नोंद. पापाची सवय लवकर लागते. पुढे फडताळाची मूठ, नळाची चकती, दाराची साखळी… दर दोन-चार रविवारांनी काहीतरी आपोआप. तो यायचा, “हे घर म्हणजे!” असं म्हणायचा, बाह्या सरसावायचा. आणि ताईंनी दिलेलं ते एक वर्ष, ते माझ्या मनातून पार निसटून गेलं. हिशेबी म्हणवणारी बाई नेमका तोच आकडा विसरली.

एका रविवारी तो कडी बसवता बसवता थांबला.

“तुम्ही लांबचं बघताना डोळे बारीक करता. उद्या सुट्टी आहे ना तुम्हाला? दुकानात या, तपासतो.”

“माझे डोळे चांगले आहेत.”

“ते दिसतंच आहे,” तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून पेचकस खाली पाडला.

गेले. त्याच्या राज्यात तो निराळाच माणूस होता. आवाज हळू, हात ठाम. मला उंच खुर्चीवर बसवलं, तपासणीची जड गोल फ्रेम नाकावर ठेवली, कानामागे दांड्या अडकवल्या. बोटं केसांना लागली, न लागल्यासारखी. बाहेर पाऊस दुकानाच्या काचेवरून ओघळत होता आणि रस्ता सगळा विरघळल्यासारखा दिसत होता.

“हे बरं की… हे?” त्याने एक भिंग काढून दुसरं घातलं.

“पहिलं.”

“आता? हे की हे?”

“दोन्ही सारखंच.”

“अंदाजाने नका सांगू. नीट बघा.”

“बरं मालक, एक सांगा,” मी म्हटलं, कारण गप्प बसलं तर त्याचा श्वास ऐकू येत होता. “खरं म्हणजे दुरुस्ती कोणी करावी? घर ज्याचं त्याने, की राहतो त्याने?”

“ज्याचं त्याने. नाहीतर मालक म्हणजे काय, महिन्याला हात पुढे करणारा?”

“पण कुठे काय खुपतं ते राहणाऱ्यालाच कळतं ना!”

“डोळे तुमचेच आहेत. म्हणून नंबर तुम्ही काढता का? खुपतं कुठे ते तुम्ही सांगायचं, बाकी मी बघायचं.”

“आणि तुम्ही बघून बघून बिघडवलंत तर?”

“तर…” तो भिंग बदलायला वाकला. चेहरा विताएवढ्या अंतरावर. “तर तुम्ही गुपचूप नीट करायचं. आता काय दिसतंय?”

माझ्या काळजात काहीतरी चुकलं. सुई भलत्या भोकात पडावी तसं. गुपचूप? हा सहज बोलला की…? त्याच्या चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नाही. पुढची अक्षरांची पाटी मला दिसेना. दिसलं ते भलतंच.

“तुमच्या शर्टाचं दुसरं बटण सैल झालंय.”

“कसं?” तो हळूच म्हणाला. “आपोआप की हातून?”

मी पुन्हा अक्षरांच्या पाटीकडे पाहू लागले. बटण मात्र मी पुढच्या रविवारी शिवून दिलं, चार भोकांतून फुली घालून, मुळाशी वेढे देऊन. ते त्या शर्टाच्या आधी तुटणार नाही.

त्यानंतर जिन्यातली बेल बंद पडली. ती मी बिघडवलेली नव्हती, म्हणून मोठ्या विश्वासाने “आपोआप” लिहिलं. त्याने दोनदा दुरुस्त केली, दोनदा पुन्हा बंद. मग वर यायचं असलं की तो जिन्याखालून हाक मारायचा, “अहो वरच्या! आहात का?” आणि मी कठड्यावरून वाकून म्हणायची, “नाही!”

ही हाक ऐकायला मी दोनदा दाराच्या आत उगाच थांबले आहे. दोनदा कसलं. जाऊ दे.

आणि मग पुढच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी, बाहेर मुसळधार लागलेली असताना, खालून हाक आली ती निराळ्याच आवाजात. “अहो वरच्या… जरा खाली या. ताई आलीय.”

खालच्या खोलीत ताई बसल्या होत्या. ठसठशीत बाई, शाळेत मुख्याध्यापिका, ओला पदर खांद्यावर पिळून टाकलेला. मांडीवर वही. तांबडी शाई. तो बाजूला उभा, शिक्षा झालेल्या मुलासारखा हात मागे बांधून.

“बस,” त्या मला म्हणाल्या. “तेवीस. वर्षभरात तेवीस तक्रारी! एवढ्या माझ्या शाळेत येत नाहीत, आणि तिथे सहाशे पोरं आहेत.”

“ताई, अगं, घर चांगलं आहे—”

“घर चांगलं असतं तर तेवीस वेळा मोडलं असतं का? आणि तुझी दुरुस्ती चांगली असती तर तीच कडी चारदा सुटली असती का? बोलू नकोस.” त्यांनी सुस्कारा सोडला. रागाचा नव्हता तो, दमल्याचा होता. “हे बघ, बाळ. मला काय हौस आहे? पण आईबाबांच्या मागे हे घर आणि तू, दोन्ही माझ्याच जिवाला घोर. एक जोडपं मिळालंय. दोन्ही मजले घेतात. मोडलं-सवरलं सगळं तेच बघणार. तू सामान आवर, माझ्याकडे चल. आमच्या गावातही माणसं आंधळीच आहेत, काम मिळेल. आणि तुझा करार,” त्या माझ्याकडे वळल्या, “या महिन्याअखेर संपतो. तो वाढवायचा नाही.”

पाऊस जोरात होता. मला एकदम ऐकू येईनासा झाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “ताई, चूक माझी आहे. मला दुरुस्ती येत नाही. त्यात घराचा दोष नाही, यांचाही नाही. यांना तरी राहू दे.”

मेला, माझं पाप स्वतःवर घेत होता! आणि माझ्यासाठी. आता गप्प राहिले तर अब्रू राहणार होती, आणि बाकी सगळं जाणार होतं. बोलले तर… तर निदान घर तरी राहील.

“वही द्या,” मी म्हटलं.

“काय?”

“वही द्या, ताई. आणि ती तांबडी शाई.”

मी जमिनीवर बसले, वही उघडली. अक्षर पोक्तच आलं. “खिडकीची कडी. आपोआप.” मी ‘आपोआप’वर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘हातून’. पुढची मूठ. हातून. चकती. हातून. साखळी. हातून. दहा ठिकाणी रेघ मारली आणि टोपण लावलं.

“यात दहा मी स्वतः बिघडवलेत. घर चांगलं आहे. तेराच खरे.”

ताईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. “तू बिघडवलंस? मशीनं दुरुस्त करणारी मिस्त्रीण तू? आणि का?”

“कारण…” मी वहीकडेच बघत म्हटलं, “काही बिघडलं नाही, तर हे वर येत नाहीत.”

छे, असं कोणी कबूल करतं का? पण झालं होतं. कापलेला दोरा पुन्हा अखंड होत नाही.

“तेरा नाहीत,” तो म्हणाला.

“काय?”

“नऊ.” तो पुढे आला, माझ्याशेजारी खाली बसला, माझ्या हातातून लेखणी घेतली. बेल. रेघ. हातून. पुन्हा बेल. रेघ. तिसऱ्यांदा बेल. आणि जिन्याच्या कठड्याचा खालचा स्क्रू. “हे चार माझे.”

“बेल तुम्ही…?”

“बेल वाजली की तुम्ही नुसतं दार उघडायचात,” तो म्हणाला. कान लाल, मान लाल. “हाक मारली की ‘नाही’ म्हणायचात. मला ते… ‘नाही’ आवडायचं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी मागाहून दुरुस्त करते ते?”

“अहो, मी दिवसभर दीड मिलिमीटरचे स्क्रू बघतो! मी स्क्रू नेहमी खाच आडवी ठेवून सोडतो, चष्म्याची सवय. पुढच्या रविवारी बघावं तर खाच उभी. पहिल्या खिडकीपासून माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही सरळ समोरच दुरुस्त करायला लागला असता. मग मी कशाला वर आलो असतो?”

“अरे गाढवा!” ताई कडाडल्या. “म्हणजे तुला काहीच येत नाही!”

“येतं, ताई. आता येतं. माझं उघडून हिने कसं लावलं ते दर वेळी बघून शिकलो. वायसरची सुलटी बाजू कुठली, धागा कुठल्या दिशेने गुंडाळायचा, आणि आधी मुख्य कॉक बंद करायचा.” तो ‘हिने’ म्हणाला होता. त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. “खरी मोडतोड नऊ. वर्षात नऊ म्हणजे काही फार नाही. वडिलांच्या वेळी याहून जास्त व्हायची, तूच सांगायचीस. मी नाही येत तुझ्या गावी.”

ताई बोटावर नऊ मोजत होत्या की रागाचे दहा आकडे, कोण जाणे.

तेवढ्यात… टप्.

वहीवर एक थेंब पडला. तांबडी शाई पसरली. आम्ही तिघांनी वर पाहिलं. छताच्या कोपऱ्यातून दुसरा थेंब लोंबत होता.

“आणि हे?” ताईंनी विचारलं. “हे कोणाचं?”

“हे आपोआप!” आम्ही दोघं एकदम ओरडलो. आणि मग हसू फुटलं. त्याला आधी, मग मला, आणि शेवटी नाकातून, नाइलाजाने, मुख्याध्यापिका बाईंना.

तो उठला. बादली थेंबाखाली लावली, आत कापड अंथरलं म्हणजे टपटप होणार नाही, आणि कुणी न सांगता वर धावत गेला. आला तो चिंब. “तुझ्या मोरीच्या बाहेरच्या पाइपची जाळी तुंबलीय, पावसाचं पाणी मागे फिरतंय. वरून हाताने थोडा कचरा काढलाय. पाऊस थांबला की नीट करू. शिडी मी धरतो, वर तू चढ. तुला जास्त कळतं.”

तू. तुझ्या, तू, तुला, तिन्ही एका दमात. ताईंनी ते ऐकलं. शाळेतल्या बाईंना व्याकरण चटकन कळतं.

थेंब थांबला. ताईंनी वही पुसली, स्वतःच्या हाताने चोविसावी ओळ आखली आणि मोठ्याने बोलत लिहू लागल्या. “काय बिघडलं? वरची आणि खालचा. दोघंही पार बिघडलीत. कसं बिघडलं?” लेखणी थांबली. “सांगा. आपोआप की हातून?”

“आपोआप,” मी म्हटलं.

“हातून,” तो म्हणाला. “हिच्या.”

“वर्ष गेलं, अजून एकमत नाही,” ताई पुटपुटल्या. तो रकाना त्यांनी कोराच सोडला. “कोणी दुरुस्त करायचं?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि ठळक अक्षरात लिहिलं: “कोणीही करू नये.” खाली सही केली. मग म्हणाल्या, “त्या जोडप्याला मी नाही कळवते. करार मात्र नवा लागेल, बाई. भाडेकरूचा नव्हे.”

आता आम्ही दोन्ही मजल्यांवर राहतो. दुरुस्ती कोणी करायची हा वाद अजून मिटलेला नाही; फक्त आता तो एकाच ताटासमोर बसून होतो. ताई सुट्टीत येतात, आल्या आल्या वही तपासतात, आणि दर वेळी एकाच नोंदीवर बोट ठेवतात.

“बेल अजून बंदच? घरात एक मिस्त्रीण, एक शिकाऊ मिस्त्री, आणि दोन वर्षं बेल दुरुस्त होत नाही?”

“बघते, ताई,” मी म्हणते. “सवडच होत नाही.”

आणि संध्याकाळी जिन्याखालून हाक येते, “अहो वरच्या! आहात का?” मी कठड्यावरून वाकून म्हणते—

“नाही!”